एका कंटेनरचे दोन पास

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मानसिंगचा ट्रेलर गेटवर येऊन थांबला. देवजी घरतांनी त्याचा पास हातात घेतला, नंबरावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पासात काही खोट नव्हती. यार्डाचा शिक्का होता, तारीख-वेळ होती, कंटेनरचा नंबर होता. पण तोच नंबर देवजींनी दहा मिनिटांपूर्वी वाचला होता.

"मानसिंग, हा डबा गेला."

"कुठे गेला काका? पास तर माझ्या हातात आहे."

"पास तुज्या हातात, नि डबा पुढच्या गारीवर. तुज्याच शेटची गारी होती."

मानसिंगने खिडकीतून मान बाहेर काढली. "मग शेटने दोन गाड्या कशाला भेजल्या? डिझेल काय नळाला येतं?"

देवजींनी टेबलावरची वही उघडली आणि दोन्ही पासांचे नंबर शेजारी शेजारी लिहिले. एक्केचाळीसशे सतरा आणि एक्केचाळीसशे अठरा. डबा एक, पास दोन. या महिन्यातली ही तिसरी खेप होती.

देवजी लिहायला शिकले वयाच्या चौतिसाव्या वर्षी, गावच्या शाळेत संध्याकाळी भरणाऱ्या वर्गात, स्वतःच्या मुलीच्या बाकावर बसून. उशिरा शिकलेल्या माणसाची एक खोड असते. तो गाळून वाचत नाही आणि लिहायचं म्हटलं की सगळंच लिहितो. देवजींच्या वहीत गाडीचा नंबर असे, वेळ असे, पासावर छापलेली वेळही असे, ड्रायव्हर चिडला होता की हसत होता तेही असे. रूपेश, त्यांच्या हाताखालचा वॉचमन, म्हणायचा, "काका, उद्या मी शिंकलो तर तेपन लिहाल." देवजींनी एकदा खरंच लिहिलं होतं.

यार्ड न्हावा शेव्याच्या रस्त्यावर. बंदरात उतरलेले कंटेनर इथे येऊन थांबत, कस्टममधून सुटले की पास निघे आणि मग ट्रेलर त्यांना घेऊन जात. पास नाही तर गाडीला आत पाऊल नाही. सव्वीस वर्षं ते गेट देवजींच्या हातात होतं. गेटच्या दांड्याला दोन खटके होते, एक केबिनमध्ये आणि एक बाहेरच्या खांबावर. ट्रेलरच्या मागे सील तपासायला जाताना देवजी आपला पंचा त्या खांबावर टांगत. पंचा दिसला की रूपेशने कुठल्याच खटक्याला हात लावायचा नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण सव्वीस वर्षांत दांडा कोणाच्या टाळक्यात पडला नव्हता.

दुपारी मॅनेजर विपुलने त्यांना वर बोलावलं.

"काका, एकदा झालं तर चूक. तीनदा झालं तर काय म्हणायचं?"

"दोनी गाऱ्या एकाच शेटच्या होत्या, सायेब. म्हनून वाचलो."

"तेच म्हणतो. उद्या दुसरा पास कोणी भलत्याला विकला आणि आधी तोच माल घेऊन गेला, तर कस्टम यार्डाला टाळं लावेल." विपुलने पेन टेबलावर आपटलं. "शनिवारी एक वाजता मालक येतायत. मला एक नाव पाहिजे. नाव नाही मिळालं, तर गेट कोणाचं आहे हे मालकांना माहीत आहे."

देवजी जिना उतरले ते कठड्याला धरून. निवृत्तीला सात महिने राहिले होते. सव्वीस वर्षं गेटवर बसलेला माणूस चोर म्हणून घरी जाणार, आणि तेही ज्या जमिनीवर त्यांच्या बापाची खारी शेती होती त्याच जमिनीवरून. गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मग देवजी विचार करू लागले, की हे करतंय कोण?

पूर्वी पास हाताने लिहीत. दोन महिन्यांपूर्वी वर ऑफिसात उन्नती नावाची मुलगी आली. कामोठ्याला राहायची, माणसं मूळची साताऱ्याकडची. तिने कॉम्प्युटरच्या शीटमध्ये एक मॅक्रो बसवला. मॅक्रो म्हणजे एकदा शिकवून ठेवलेलं काम, असं तिने सगळ्यांना समजावलं होतं. दर अर्ध्या तासाने तो आपणहून जागा व्हायचा, सुटलेल्या डब्यांची यादी वाचायचा, एकेका डब्याला नंबर घालून वरच्या खिडकीतल्या प्रिंटरवर पास छापायचा. ट्रान्सपोर्टवाल्यांची माणसं खिडकीतून पासांची चळत उचलत आणि कागद असतील तितक्या गाड्या गेटवर लावत. देवजींच्या केबिनमध्येही एक कॉम्प्युटर दिला होता. त्यावर एक हिरवं बटण. पासला उशीर झाला तर हे दाबा, असं विपुलने सांगून ठेवलं होतं. देवजी त्याला बेल म्हणत. गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले की ते बेल मारत आणि पाचेक मिनिटांत वरून पास हलत. बेल कामाची होती.

बाकी यंत्राला लोभ नसतो. लोभ माणसाला. देवजींनी उन्नतीवर नजर ठेवायचं ठरवलं.

बुधवारी त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे, उन्नती जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली उभी राहून फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. "डबल निघतायत रे... नाही, सरांना सांगितलं नाही अजून... तू कोणाला बोलू नको." देवजी सील तपासायला वाकलेले तसेच वाकून राहिले. ती वळली, तिने त्यांना पाहिलं आणि फोन बंद केला.

"काका, काही हवंय का?"

"मना काय पायजे? सील बघतंय."

"ट्रेलर तर गेला कधीच."

खरंच, ट्रेलर निघून गेला होता. देवजी रिकाम्या रस्त्याकडे पाहत वाकले होते. दोघंही आपापल्या जागी गेली.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. चार वाजता कुलदीप आला, तोच ट्रान्सपोर्टवाला, ज्याच्या गाड्या मंगळवारी दोन आल्या होत्या. तो गेटवर थांबला नाही. सरळ चहाच्या टपरीवर गेला, आणि पाच मिनिटांनी उन्नती खाली उतरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कुलदीप हातवारे करत होता, ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी त्याने खिशातून घडी केलेले कागद काढून तिच्या हातात दिले. देवजींनी वहीत लिहिलं, "४.१० कुलदीप. उन्नती. कागद दिले. ती घाबरलेली."

गुरुवारी सकाळी तिसरी गोष्ट सापडली आणि देवजींची खात्रीच पटली. पासाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक रेघ होती. बाकी कोणाला ती दिसली नसती. पण देवजी कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचणारे. त्यांनी सकाळपासूनचे सगळे पास काढले. सगळ्यांवर तीच रेघ. आदल्या दिवसाच्या एकाही पासावर नव्हती.

"रूपेश, ही कसली खून रं?"

रूपेशने कागद डोळ्यांजवळ नेला. "काका, खून केली म्हंजे टोळी असनार. पिच्चरमधी असंच असतंय."

रूपेश गमतीने बोलला, पण देवजींच्या डोक्यात ते पक्कं बसलं. ते तडक वर गेले. विपुल एकटाच होता.

"सायेब, मी नाव घेत नाय. पन गेटवर शोधू नका. वरच्या मजल्यावर बगा."

"उन्नती?"

देवजींनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. नुसते उभे राहिले. कधी कधी गप्प राहणं हीच सगळ्यात मोठी चुगली असते, हे त्यांना त्या क्षणीही कळत होतं. विपुलने मान हलवली आणि म्हणाला, "वही घेऊन या शनिवारी. मालकांना दाखवू. मग तिला बोलावतो."

शुक्रवारी अकरा वाजता पुन्हा तेच झालं. एक डबा, दोन पास. दुसऱ्या पासावरही पेन्सिलीची रेघ. देवजींना आता राग येत नव्हता, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. पुरावा आपल्या पायांनी चालत आला होता.

शनिवारी सकाळी त्यांनी वही घेतली. मालकांपुढे जायचं तर गिचमीड नको, म्हणून चारही वेळांचं पान नव्या कागदावर उतरवायला बसले. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. विपुलने ते पान वाचलं असतं तर डब्यांचे नंबर तेवढे पाहिले असते. देवजींना ती सवय नव्हती.

"शुक्रवार. ११.०० गाड्या नऊ. मानसिंग हॉर्न मारतो. ११.०३ बेल मारली. ११.०८ पास आले. ११.२५ डबा गेला. ११.३५ तोच डबा परत मागायला गाडी."

त्यांनी ते उतरवून काढलं. मग मंगळवार. "११.०३ बेल मारली." मग त्याआधीचा सोमवार. "४.३२ बेल मारली." आणि पहिली खेप. "१२.०४ बेल."

देवजींचं बोट चौथ्या बेलवर थांबलं.

त्यांनी वही मागे चाळली. बेल मारली आणि काहीच झालं नाही असे दिवसही होते. पंधरा-वीस तरी. पण बेल मारली नाही आणि तरी दोन पास निघाले, असा एकही नव्हता.

बाहेर रूपेश कोणाशी तरी हुज्जत घालत होता. घड्याळात साडेबारा झाले होते. देवजींना वाटलं, ही वही आता मिटावी. गेटमागे खाडीचा ओहोळ आहे, त्यात टाकावी. भिजलेली वही कोण वाचतो? सात महिने. फक्त सात महिने. आणि त्या मुलीला दुसरीकडे नोकरी मिळेल, महाप्याला कंपन्यांची काय कमी आहे.

त्यांनी उरलेली ओळही नव्या कागदावर उतरवली. मग वही काखेत मारून वर गेले.

उन्नती स्क्रीनकडे पाहत होती. त्यांना बघून तिने पटकन समोरचे कागद पालथे केले.

"पोरी, एक विचारू? मी खालनं बेल मारतंय, ती वर कुठं वाजते?"

"कसली बेल?"

"ती हिरवी. कॉम्प्युटरवरची."

उन्नतीने खुर्ची पूर्ण वळवली. "काका, ती बेल नाहीये. त्याने मॅक्रो चालू होतो. इथला आहे ना, तसाच दुसरा, तुमच्या कॉम्प्युटरवर. माझा कधी बंद पडला तर असावा म्हणून सरांनी तुमच्याकडे लावून घेतला." ती थांबली. "तुम्ही दाबता ते? कधी दाबता?"

देवजींनी वही पुढे केली. तिने चारही नोंदी वाचल्या.

"माझा अकराला सुरू होतो. यादी मोठी असेल तर पाच मिनिटं चालतो. कागद बाहेर आला की मग त्या डब्यापुढे 'दिला' अशी खूण करतो. तुम्ही तीन मिनिटांनी दुसरा सुरू केलात. कागद निघालेला, खूण व्हायची बाकी. दुसऱ्याला वाटलं, या डब्याला पास दिलेलाच नाही. त्याने पुढचा नंबर घालून आणखी एक छापला." ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मी तीन आठवडे माझ्याच कामात चूक शोधतेय. महाप्याच्या मित्राला रोज फोन करते. कुलदीपभाई शिव्या घालून गेले बुधवारी, फुकट गेलेले पास तोंडावर मारले."

"नि ती पेन्सिलची खून?"

उन्नतीने नजर चुकवली. "ती मी केली. कोरे कागद प्रिंटरमध्ये घालायच्या आधी. मला वाटलं, गेटवर कोणीतरी नंबर बदलून पासाची नक्कल काढतंय. नकलेवर पेन्सिल काळी उमटली असती."

"गेटवर म्हंजे मी."

"हो काका. तुम्ही."

देवजींना हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांच्यापाशी सांगण्यासारखं याहून वाईट काही होतं.

"मी गुरवारी सायबाला तुजं नाव दिलंय. म्हंजे घेतलं नाय, पन नाय पन म्हटलं नाय. एक वाजता तुला बोलावनार हायत."

पालथे केलेले पास तिने एकावर एक नीट रचले. तेवढ्यात खाली मालकांची गाडी गेटमधून आत शिरली.

विपुलच्या केबिनमध्ये देवजींनी उभ्यानेच सांगितलं. मालकांनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे चोरी नाही?"

"चोरी नाय. बटन मी दाबलं. मना ती बेल वाटली."

"हे लिहून द्याल?"

विपुल मध्येच म्हणाला, "सर, ते बटण मी..." आणि गप्प झाला. देवजींनी त्याच्याकडे पाहिलं. गप्प राहणारा माणूस कसा दिसतो ते त्यांना आता बाहेरून बघायला मिळत होतं. त्यांनी कागद मागितला आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहून दिलं. शेवटी एक ओळ जास्तीची घातली, ती कोणी मागितली नव्हती. "उन्नतीबाईंवर मी संशय घेतला तो खोटा होता."

मालकांनी कागद वाचून घडी केली. "काका, गेट तुमचंच राहील. पण हे पुन्हा झालं तर मी यंत्राला विचारणार नाही, तुम्हाला विचारीन. सोमवारपासून बंदोबस्त करा."

"बटन काढून टाका की," रूपेश खाली म्हणाला. पण बटण काढलं तर उन्नतीचा कॉम्प्युटर अडकला त्या दिवशी गेट बंद पडलं असतं. ती खाली आली होती, वही मागायला. तिने देवजींकडे न पाहता विचारलं, "दोन माणसं, दोन ठिकाणी, एकाच कामाला हात घालतील अशी भीती असली की तुम्ही काय करता?"

देवजींनी खांबाकडे बोट केलं. पंचा तिथेच लोंबत होता.

"आमच्या बापाच्या शेताला बांद होता. खाडीचं पानी अडवायला. त्यात उघाडी, म्हंजे पानी सोडायचं दार, लाकडी फळ्यांचं. पाच घरांची पाळी. जो खाली उतरंल त्यानं पंचा पान्यात बुडवून खुंटीला टांगायचा. दुसरा आला नि पंचा बगितला की मागारी जायचा. नायतर हा खाली चिखल काडतंय नि तो वरनं फळी सोडतंय, मेलाच मानूस."

"आणि वर येताना पंचा काढायचा."

"काडायचाच."

उन्नती वर गेली. संध्याकाळपर्यंत तिने मॅक्रोला नवं काम शिकवलं. सुरू झाला की आधी दोघांना दिसेल अशा जागी एक छोटी फाइल ठेवायची, संपला की ती पुसायची. ठेवायला गेल्यावर फाइल आधीच तिथे असली, तर काहीही न करता मागे फिरायचं. खालच्या स्क्रीनवर अक्षरं येणार होती, "काम चालू आहे, थांबा." तिने ते देवजींना दाखवलं, कामापुरतं. चहा विचारला तर "नको" म्हणाली.

सोमवारी बारापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग साडेबाराचे पास आलेच नाहीत. देवजींनी बटण दाबलं. "काम चालू आहे, थांबा." ते थांबले. पावणेएक वाजला. अकरा गाड्या रस्त्यावर, हॉर्न एकापाठोपाठ एक.

"काका, परत दबाओ ना," मानसिंग ओरडला. "बोट दुखतं का?"

"गप बस. खाली मानूस हाय."

"कुठे माणूस? कॉम्प्युटरमध्ये?"

एक वाजला. स्क्रीनवर तीच अक्षरं. देवजींच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. पाच मिनिटांचं काम अर्धा तास कसं चालेल? ही पोरगी सूड तर घेत नाही? अकरा गाड्या अडल्या, नाव कोणाचं जाणार? गेटवाल्याचं. त्यांचं बोट माउसकडे गेलं आणि मागे आलं. चार दिवसांपूर्वी असंच खात्रीने ते जिना चढले होते.

ते उठले, पंचा खांबावर टांगला, रूपेशला बसवलं आणि वर गेले. उन्नतीची खुर्ची रिकामी. टिफिन अर्धा उघडा. ती धापा टाकत मागून आली. विजेने झटका दिला होता, तिचा कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता, आणि ती मीटरच्या खोलीत वायरमनला घेऊन गेली होती.

"मॅक्रो अर्ध्यात मेला काका. फाइल पुसायची राहिली. आता दोन्हीकडचे तिला बघून मागे फिरतायत."

देवजी स्टुलावर बसले. "कोंड्या," ते म्हणाले.

"कोण?"

"आमच्या पाळीतला. पंचा टांगून घरी गेला, इसरला. चार घरची मानसं येऊन बगून गेली. कोनी हात लावला नाय. भरतीचं पानी दारातनं शिरलं, उभा भात खारला. त्या सालापास्नं बापानं नियम केला. पंचा बगायचा नाय नुसता, हात लावून बगायचा. वला असंल तर मानूस खाली हाय. सुका असंल तर तो घरी गेला. मग काडायचा नि खुशाल उतरायचं."

उन्नतीने टिफिन बाजूला सारला. 

"प्रत्येक पास निघताना फाइलीत वेळ लिहिता येईल," ती म्हणाली. "काम चाललंय तोवर वेळ ताजी राहील. जुनी झाली की समजायचं, तो गेला."

"वला नि सुका."

"हो. पण किती मिनिटांनी सुका धरायचा? कमी धरला तर चालू असतानाच दुसरा उतरेल. जास्त धरला तर गाड्या रस्त्यावर." तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुमच्या वहीत असेल. एका पासापासून दुसऱ्या पासाला जास्तीत जास्त किती वेळ लागलाय? मी खिडकीवर लिहून ठेवत नाही. तुम्ही ठेवता."

देवजींनी वही मांडीवर घेतली. बोट ठेवून दोन महिन्यांची पानं वाचू लागले. खाली हॉर्न वाजत होते. उन्नतीने तेवढ्यात अडकलेली फाइल हाताने पुसली, प्रिंटर घरघरला, आणि पहिला पास बाहेर आला. ती घाई करत नव्हती. देवजी एकही ओळ गाळत नव्हते.

"दोन मिन्टं," ते शेवटी म्हणाले. "कागद अडकला होता तवा. त्याच्यावर कदी नाय."

"मग पाच धरू?"

"पाच धर. नि माज्या खाली पन दिसू दे, वला हाय का सुका. मना बगितल्याशिवाय विश्वास बसत नाय."

"माझ्यावर की मॅक्रोवर?"

देवजींनी वही मिटली. "दोगांवर," ते म्हणाले, "पन तुज्यावर कमी."

कमी विश्वास की कमी संशय, हे तिने विचारलं नाही. टिफिनमधली चपातीची घडी तिने झाकणात ठेवून त्यांच्यासमोर सरकवली आणि कीबोर्डकडे वळली. देवजींनी चपाती खाल्ली. मग जिना उतरून गेटवर आले, आधी पंच्याला हात लावून पाहिला आणि मगच तो खांबावरून काढला.